विकलेला बैल परत दारात: जुनी वस्तू ऑनलाइन विकल्यावर गिऱ्हाईक पैसे परत मागतं तेव्हा

गेल्या वर्षी मी माझा जुना कॅमेरा विकला. बॉडी आणि एक लेन्स, मिळून साडेअठरा हजार. घेणारा कराडचा. पैसे यूपीआयनं आधीच आले, मी सांगलीहून कुरिअर केलं, विषय संपला असं वाटलं. चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला मेसेज: ‘दादा, लेन्समध्ये बुरशी आहे. कॅमेरा परत घ्या आणि सगळे पैसे परत करा.’

पहिल्यांदा मनात आलं, वापरलेला माल आहे बाबा, कोरा करकरीत थोडाच विकला होता? पाच मिनिटांनी दुसरा विचार आला, हा भामटा तर नसेल? आणि दिवा मालवून आडवा झाल्यावर तिसरा: उद्या हा पोलिसात गेला तर?

घरातली अडगळ फोटो काढून विकणाऱ्या कुणावरही ही रात्र येऊ शकते. दिवाळीच्या साफसफाईत तर मोबाइल, सायकल, पाळणा, इन्व्हर्टर सगळंच जाहिरातीत जातं. तेव्हा या तिन्ही प्रश्नांचा हिशोब नीट मांडू.

बैलबाजाराचा नियम

आमचे आजोबा खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचे सौदे करायचे. घेणारा आधी बैलाचा जबडा उघडून दातांवरून वय बघणार: आदत (पक्के दात न आलेला) आहे, दुसा (दोन दातांचा) आहे की चौसा (चार दातांचा). मग चालवून बघणार, पाय कसा टाकतो, खांद्याला सूज आहे का. हे सगळं डोळ्यांना दिसतं. ते न बघता रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरवला आणि घरी जाऊन ‘म्हातारा बैल गळ्यात मारला’ म्हणून ओरडलं, तर लोक घेणाऱ्यालाच हसायचे.

पण बैलाची खोड दावणीला बांधल्याशिवाय कळत नाही. मारका आहे का, औताला जुंपल्यावर मध्येच बसतो का, हे बाजारात दिसत नाही. तिथं विकणाऱ्याचा शब्द चालतो. चारचौघांत ‘खोड नाही’ म्हणून विकलेला बैल तिसऱ्या दिवशी औतात बसला, तर तो परत दारात आणून बांधला जायचा, आणि तेव्हा विकणाऱ्याच्या बाजूनं बोलायला कुणी उभं राहायचं नाही.

आपला मालविक्रीचा कायदा १९३० सालचा. इंग्रजी अमदानीतला असला तरी त्याचा गाभा हाच आहे. त्याच्या कलम १६ चा साधारण सूर असा की माल चांगला की वाईट हे घेणाऱ्यानं पारखून घ्यावं. दुकानदारासारखा त्याच मालाचा धंदा करणाऱ्यावर जास्त बंधनं आहेत, घरगुती विकणाऱ्यावर कमी. कलम १५ मात्र सगळ्यांना सारखंच लागू: वर्णन सांगून माल विकला, तर माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे.

आता ऑनलाइन सौद्यात काय होतं बघा. कराडच्या माणसानं माझ्या कॅमेऱ्याचे दात बघितलेच नव्हते. त्याच्यासमोर होते सहा फोटो आणि चार ओळी. म्हणजे अख्खा सौदाच वर्णनावर झालेला. म्हणून वाद आला की ‘वस्तू चांगली होती का’ यावर डोकं खपवण्याआधी आपण काय लिहिलं होतं ते काढून वाचावं.

मी वाचलं. लिहिलं होतं: ‘काच एकदम स्वच्छ, बुरशी किंवा ओरखडे नाहीत.’

लिहिताना लेन्स खिडकीच्या उजेडात धरून बघितली होती, खोटं लिहिलं नव्हतं. पण बुरशी शोधायची तर अंधारात काचेतून टॉर्च मारावा लागतो. मग कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. सांगलीतला जुलै-ऑगस्ट, बंद कपाट आणि दोन वर्षं न वापरलेली लेन्स, बुरशीला आणखी काय हवं? मला ठाऊक नव्हतं, ही माझी बाजू. ठाऊक नसल्यामुळे ती फसवणूक ठरत नाही. वर्णन मात्र चुकलं ते चुकलंच.

मग सगळे पैसे परत द्यायचे का?

इथं कायद्यातले दोन शब्द समजून घ्यावे लागतात. ज्या गोष्टीवर सौदा उभा आहे ती ‘शर्त’, आणि सौद्याला जोडून दिलेली दुय्यम खात्री म्हणजे ‘हमी’. बैल सांगून रेडा दिला तर शर्त मोडली, घेणारा सौदाच नाकारू शकतो. बैल सांगितल्याप्रमाणे आहे, पण सोबतची नवी झूल फाटकी निघाली, तर हमी मोडली. तेवढ्यावर बैल परत करता येत नाही. झुलीपायी किंमत जितकी कमी होते तितके पैसे मागता येतात. हे कलम ५९ मध्ये आहे.

कुठली गोष्ट शर्त आणि कुठली हमी, हे वस्तूवर छापलेलं नसतं, सौद्यावरून ठरतं. माझ्या कॅमेऱ्याची बॉडी ठणठणीत होती, बुरशी लेन्समध्ये होती आणि साफ होण्यासारखी होती. मोबाइलचं उदाहरण घेतलं तर १२८ जीबी सांगून ६४ जीबीचा पाठवणं शर्तीत बसेल. ‘चार्जर ओरिजिनल’ म्हणून साधा चार्जर देणं हमीत.

वेळही महत्त्वाची. न बघता घेतलेला माल हातात पडल्यावर तपासायला घेणाऱ्याला वाजवी मुदत मिळते. ती उलटून गेली आणि तो काही बोलला नाही, तर त्यानं माल स्वीकारला असं धरतात. वाजवी म्हणजे किती दिवस, हे कायदा सांगत नाही. कॅमेऱ्यासाठी चार दिवस कुणालाही पटतील. पाच महिने वापरून ‘लेन्स खराब होती’ म्हटलेलं पटणार नाही.

आणि परतीच्या कुरिअरचा खर्च? कलम ४३ म्हणतं की माल नाकारायचा हक्क असेल तर घेणाऱ्यानं नुसतं कळवलं तरी पुरे, वेगळं काही ठरलं नसेल तर पोचवायची जबाबदारी त्याची नाही. थोडक्यात, चूक विकणाऱ्याची असेल तर ‘स्वखर्चानं पाठव, मग बघू’ म्हणायला जागा उरत नाही. हे वाचून माझाही चेहरा पडला होता.

‘जशी आहे तशी, परत घेणार नाही’ लिहिलं की सुटलो?

अर्धवट सुटता. अशी अट घालायला कायद्याची हरकत नाही. दोघांनी मान्य केली तर गृहीत धरलेल्या बऱ्याच जबाबदाऱ्या त्यातून वगळता येतात. जुन्या मिक्सरचा आवाज मोठा आहे, सायकलचा ब्रेक कचकचतो, अशा तक्रारींपुढे ती ओळ कामाला येते. पण वर ‘बुरशी नाही’ लिहायचं आणि खाली ‘जशी आहे तशी’, तर खालची ओळ वरच्या ओळीला पुसत नाही.

आणि लपवाछपवीपुढे तर ती निरुपयोगीच. समजा, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलेला फ्रिज आहे. मागचा गंज घासला, रंगाचा हात मारला, नवं स्टिकर लावलं आणि ‘जसा आहे तसा’ म्हणून विकला. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ फसवणुकीची व्याख्या करतं आणि माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणं त्यात येतं. नुसतं गप्प बसणं दर वेळी फसवणूक होत नाही, हेही तेच कलम सांगतं. पण रंग मारणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. घेणाऱ्यानं ‘पुरात भिजलाय का?’ असं सरळ विचारलं आणि तुम्ही विषय टाळून ‘एकदम मस्त चालतो’ म्हणालात, तर तेही महागात पडेल. सांगलीत, विशेषतः नदीकाठच्या पेठांत, हा प्रश्न लोक विचारतातच.

मी म्हणेन, पुराचं पाणी लागलं असेल तर तेच पहिल्या ओळीत लिहा. किंमत कमी येईल, पण वादाचं मूळच राहणार नाही.

पण मी काय दुकानदार आहे? ग्राहक न्यायालयात खेचेल का?

बहुतेक वेळा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. त्या नियमांत स्पष्ट सूट आहे: एखादी व्यक्ती वैयक्तिक पातळीवर, नियमित किंवा पद्धतशीर धंदा म्हणून नव्हे, असं काही करत असेल तर नियम तिला लागू नाहीत. घरातला एक फ्रिज विकणारे तुम्ही त्यात बसता.

दर महिन्याला दहा जुने मोबाइल उचलून, पुसून, विकणारा मात्र बसत नाही, मग पाटी असो वा नसो. अशा माणसाविरुद्ध ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. सांगलीच्या विक्रेत्याला कराडच्या ग्राहकासाठी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी शून्य आहे, त्यामुळे ‘कशाला खर्च करेल तो’ या भरवशावर राहू नये.

ग्राहक कायदा लागला नाही म्हणजे मोकळे, असंही नव्हे. मालविक्रीचा आणि कराराचा कायदा आहेच. दिवाणी दावा होऊ शकतो, तोही साधारण तीन वर्षांच्या आत. साडेअठरा हजारांसाठी कोण वकील लावणार, हा व्यवहारी प्रश्न दोन्ही बाजूंना पडतो. म्हणूनच असे बहुतेक वाद फोनवरच मिटतात, आणि तिथं मिटलेलेच बरे.

पैसे आत्ता कुणाच्या ताब्यात आहेत?

पुढे काय होईल हे कायद्याइतकंच यावरही ठरतं. पूर्वी मासिकांच्या जाहिरातीत ‘व्ही.पी.ने मागवा’ असायचं. पोस्टमन पार्सल द्यायचा, पैसे घ्यायचा आणि मग ते विक्रेत्याकडे जायचे. मधे पोस्ट उभं असायचं. आज काही संकेतस्थळं अशीच मधे उभी राहतात. खरेदीदाराचे पैसे काही दिवस स्वतःकडे ठेवतात आणि तक्रार आली तर स्वतः निवाडा देतात.

असं असेल तर आधी त्यांचे नियम वाचा. उदाहरणार्थ, ईबेवर तुम्ही ‘परत घेणार नाही’ लिहिलं असलं तरी वस्तू वर्णनाप्रमाणे नाही म्हणून खरेदीदार पोचल्यापासून ३० दिवसांत दाद मागू शकतो, आणि विक्रेत्याला प्रश्न सोडवायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात. त्यानंतर खरेदीदार ईबेला मधे घालू शकतो. तिथं गप्प बसणं म्हणजे हरणं. शिवाय बोलणं तिथल्याच मेसेजमध्ये करावं. व्हॉट्सअॅपवर झालेला समेट निवाडा देणाऱ्याला दिसत नाही.

ओएलएक्स किंवा फेसबुकवरच्या नुसत्या जाहिरातीतून झालेल्या आपल्याकडच्या व्यवहारात बहुतेक वेळा मधे कुणीच नसतं. पैसे थेट तुमच्या खात्यात येतात, आणि यूपीआयनं आपखुशीनं पाठवलेले पैसे पाठवणाऱ्याला एक बटण दाबून मागे ओढता येत नाहीत. पारडं तुमच्याकडे झुकलेलं असतं. पण याच कारणानं चिडलेला माणूस थेट पोलिसांची भाषा बोलतो.

मेसेज आल्यावर पहिल्या रात्री

भांडू नका, कबूलही करू नका. मी लिहिलं: ‘भाऊ, मेसेज पाहिला. उद्या सकाळी फोटो पाठवा, लेन्सवरचा सीरियल नंबर दिसेल असा. बघून सांगतो.’ एवढंच. रात्री साडेदहाला यापेक्षा जास्त लिहिलेलं सकाळी नडतं.

सीरियल नंबर का, तर परत येणारी किंवा फोटोत दिसणारी वस्तू तुमचीच आहे याची खात्री हवी. चांगली वस्तू ठेवून घेऊन स्वतःची बिघडलेली परत करणं ही जुनी चलाखी आहे. मोबाइलला पंधरा आकडी आयएमईआय असतो, *#०६# दाबलं की दिसतो. लॅपटॉप, कॅमेरा, टीव्ही, इन्व्हर्टर, सगळ्यांवर नंबर असतात. पाठवण्याआधी त्याचा फोटो आणि डबा बंद करतानाचा सलग व्हिडिओ काढला असेल तर अर्धा वाद तिथंच संपतो. मी व्हिडिओ काढला नव्हता. नशीब, जाहिरातीच्या एका फोटोत नंबर अर्धवट दिसत होता आणि तो जुळला.

मग जाहिरात, गप्पा, पैसे आल्याची नोंद आणि कुरिअरची पावती जपून ठेवा. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर आधी बंद करा. प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यासाठी मूळ गप्पा फोनवर असलेल्या बऱ्या, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये.

थोडे पैसे परत दिले तर चूक कबूल केल्यासारखं होतं का?

ही भीती मी एका वकील मित्रापाशी बोलून दाखवली. तो म्हणाला, ‘अरे, मिटवताना तसं लिहून घे की.’ म्हणजे असं: ‘लेन्सच्या तक्रारीबद्दल वाद मिटवण्यासाठी दोन हजार रुपये देत आहे. हे मिळाल्यावर या व्यवहाराबद्दल दोघांचीही काही तक्रार राहणार नाही.’ त्यावर समोरच्याचं ‘मान्य आहे’ आलं की मगच पैसे.

रक्कम कशी ठरवायची? मी कोल्हापूरच्या एका दुरुस्तीवाल्याला विचारलं. लेन्स साफ करायचे त्यानं चौदाशे सांगितले. त्यात कराडकराचा जाण्या-येण्याचा त्रास धरून दोन हजार. कराडकर आधी पाच हजारांवर अडला होता. फोनवर वीस मिनिटं बोललो, त्यातली दहा पावसावर गेली, आणि मग जमलं.

पूर्ण पैसे द्यायची वेळ आलीच तर क्रम सोडू नका. वस्तू आधी हातात येऊ द्या, कॅमेऱ्यासमोर डबा उघडा, नंबर जुळवा, चालवून बघा. नंतर पैसे, आणि तेही ज्या खात्यातून आले होते त्याच खात्यात. ‘माझ्या मेव्हण्याच्या नंबरवर टाका’ म्हणाला तर नाही म्हणा, कितीही गोड बोलला तरी.

आणि गिऱ्हाईकच भामटं असेल तर?

इथं ‘परतावा’ हा शब्दच सापळा असतो. ‘चुकून दहाच्या जागी पंधरा हजार पाठवले, पाच परत करा’ असा फोन येतो, सोबत पैसे जमा झाल्याचा मेसेजही. तो मेसेज बँकेचा नसून साध्या मोबाइल नंबरवरून आलेला असतो. खात्यातली शिल्लक बँकेच्या अॅपमध्ये जाऊन बघा. तिथं पैसे नसतील तर ते आलेलेच नाहीत. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करणं म्हणजे पैसे देणं, हे घरातल्या मोठ्यांना परत परत सांगावं लागतं. व्यक्ती-व्यक्तींमधली पैसे मागायची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, तरी क्यूआरचा खेळ चालूच आहे.

यापेक्षा वाईट प्रकार तिघांचा असतो. भामटा तुमच्या वस्तूचे फोटो उचलून स्वतःची जाहिरात टाकतो. तिसरा कुणीतरी, समजा नाशिकचा, ती बघून पैसे पाठवायला तयार होतो. भामटा त्याला तुमचा यूपीआय देतो. पैसे खरोखर तुमच्या खात्यात येतात, भामटा येऊन वस्तू घेऊन जातो आणि नाशिककर हात चोळत बसतो. तो १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, आणि बँक तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम रोखून धरते, कधीकधी अख्खं खातंच गोठतं. तुमचा काही दोष नसतो, तरी कागद घेऊन हेलपाटे तुम्हीच घालता. म्हणून पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि वस्तू न्यायला आलेल्या माणसाचं नाव वेगळं असेल तर थांबा. पाठवणाऱ्याशी स्वतः बोला.

(मालविक्रीचा कायदा १९३० चा आणि फसवणुकीचा नंबरही १९३०. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.)

तुम्हीच फसलात तर त्या नंबरवर जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

‘पोलिसात जातो’ म्हणाला तर

जाऊ शकतो, त्याचा हक्क आहे. पण पुरवलेला माल आवडला नाही, हा दिवाणी वाद. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालच्या फसवणुकीला, म्हणजे पूर्वीच्या ४२० ला, सुरुवातीपासूनच लुबाडण्याचा हेतू लागतो. जाहिरात खरी, वस्तू पाठवलेली, पत्ता खरा आणि मेसेजला उत्तर दिलेलं असेल, तर तो हेतू दाखवणं कठीण. घाबरून फोन बंद करून बसलात, नंबर ब्लॉक केला, तर मात्र तुम्हीच संशयाला जागा देता.

वाहनाचं प्रकरण वेगळं. एमएच १० ची मोपेड विकली आणि आरटीओत नाव बदललं नाही, तर पैशाच्या वादापेक्षा मोठा धोका डोक्यावर राहतो. कागदोपत्री ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे. त्यावर कधी तरी स्वतंत्रच लिहावं लागेल.

माझ्या कॅमेऱ्याचं पुढे काय झालं? कराडकरानं लेन्स साफ करून घेतली, साफ झाल्याचा फोटोही पाठवला. चार महिन्यांनी त्याचा परत मेसेज आला तेव्हा पोटात गोळाच आला. पण तो कॅमेरा विकायला काढत होता आणि जाहिरात नीट झाली आहे का एवढंच विचारत होता. लिहिलं होतं: ‘लेन्समध्ये पूर्वी बुरशी होती, साफ केली आहे, टॉर्च मारलेला फोटो सोबत.’ सीरियल नंबरचा फोटोही होता. किंमत एकोणीस हजार.